औषधावर पाणी

"चोरून दही खाल्लंस व्हय गं? आन् तेबी मला सोडून?"

मी गिरजाला हे थट्टेनं म्हणाले होते. पुरुषांची जेवणं उरकली होती, सासूबाई मठात पोथी ऐकायला गेल्या होत्या आणि आम्ही दोघी नणंद-भावजय मागाहून चुलीपुढं पानं घेऊन बसलो होतो. मी हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता, आणि ठेचा असला की गिरजाला दुसरं काही दिसायचं नाही. पण त्या दिवशी पहिला घास तोंडात घातला आणि ती विव्हळली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. तोंड उघडून हातानं वारा घ्यायला लागली तेव्हा मला तिची जीभ दिसली. पांढरीफेक होती. कवडीदही खाऊन चूळ न भरता तसंच बसावं, तशी.

"दही कुठलं आलंय? सकाळी तूच भाकरी वाढलीस की," ती कशीबशी म्हणाली.

"आ कर बघू."

मी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. गालांच्या आतून, टाळूला, पार घशापर्यंत तसलेच पांढरे ठिपके होते. मी लुगड्याच्या पदरानं जीभ पुसायला गेले तर थोडं निघालं, बाकीचं चिकटूनच राहिलं. निघालं तिथं खाली लालभडक मांस होतं आणि त्याला रक्ताचा थेंब फुटला.

"कधीपासनं हाय हे?"

"बरेच दिस झालं. मीठसुदीक झोंबतंय. गिळताना घशात कायतरी अडकल्यागत हुतंय."

"मग बोलायचं न्हाईस व्हय?"

"आईला सांगितलं की ती अण्णांना सांगणार. अण्णा जीभ बघणार, नाडी बघणार, काय काय खाल्लंस म्हणून विचारणार." तिनं आवाज खाली आणला. "मी काय सांगू, वैनी?"

अण्णांपासून आम्ही सगळ्यांनी मिळून एक गोष्ट लपवली होती.

अण्णा म्हणजे माझे सासरे. कराडपासून एसटीनं तासाभरावर आमचं गाव. तिथं बाजारपेठेत, घराच्याच पुढच्या खोलीत, त्यांचं काष्ठौषधीचं दुकान होतं. हिरडा, बेहडा, अडुळसा, ज्येष्ठमध असला सगळा वास त्यांच्या अंगालाच यायचा. कपाळाला भस्माचे पट्टे ओढून ते गादीवर बसले की माणसाचं निम्मं दुखणं तिथंच पळायचं. पण अण्णांचं खरं नाव होतं ते दम्याच्या खिरीसाठी. कोजागरीला आमच्या अंगणात मोठ्या पातेल्यात खीर शिजायची, चांदण्यात ठेवायची, तिच्यात अण्णांचं औषध पडायचं, आणि ती घ्यायला सांगली-सोलापूरपासून धापा टाकणारी माणसं आपापला पेला घेऊन यायची. अण्णा त्याचा छदामही घेत नसत. त्यांच्या वडिलांनी दिलेला तो वसा होता आणि त्यावर त्यांची अगदी मनापासून श्रद्धा होती. ते लबाड असते तर मला त्यांचा राग धरता आला असता.

गिरजा त्यांची एकुलती लेक. लहानपणी तिला फार धाप लागायची. पुढं वयात आल्यावर ती कमी झाली आणि अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले, "माझ्याच लेकीचं बघा. माझ्या खिरीनं पार मोकळी झाली." मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा हेच ऐकलं. वयानं ती माझ्याएवढीच. चारचौघांत मी तिला वन्सं म्हणायची आणि एकटीला गिरजे. माझ्या भाकरी जाड होतात म्हणून तिनं मला कमी छळलं नाही, पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काही बोलायला लागल्या की हीच मध्ये पडायची.

मी आले त्याच वर्षीच्या थंडीत तिची धाप परत आली. भिंतीला टेकून बसायची, खांदे वरखाली व्हायचे, आणि अण्णांचं पाऊल वाजलं की श्वास दाबून हसायची. शेवटी साड्या आणायच्या निमित्तानं ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिला कराडच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तिला पंप दिला. रोज सकाळ-संध्याकाळ तोंडात धरून ओढायचा. आत्याबाईंना आम्ही विश्वासात घेतलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण लेकीचा श्वास बघून गप्प बसल्या. "ह्यांच्या कानावर जाता कामा नये," एवढंच म्हणाल्या. पंप माळ्यावर तांदळाच्या डब्यात राहायला लागला; संपला की हे कराडहून गुपचूप नवा आणायचे.

कराडहून आली त्या दिवशी गिरजानं आम्हा दोघींना माळ्यावर नेऊन तो कसा घ्यायचा ते करून दाखवलं. फुस्स असा आवाज झाला. तिनं श्वास कोंडून धरला, सोडला, आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणालं, घेतलं की लगीच चूळ भरून टाकायची. दर खेपेला."

"औषधावर पाणी?" आत्याबाईंनी डोळेच मोठे केले. "शिकलेला हाय का कोण हाय त्यो?"

त्या घरात औषध घेतल्यावर पाणी प्यायचं नाही, चूळही भरायची नाही, हा नियम देवाच्या नियमासारखा होता. चाटण चाटलं की ते जिभेवरच विरलं पाहिजे. पाणी लावलं की औषधाचा गुण वाहून जातो, असं अण्णा दुकानात प्रत्येकाला बजावायचे. तान्ह्या पोरालासुद्धा गुटी पाजल्यावर घोटभर पाणी मिळायचं नाही. गिरजा तर त्या दुकानातच लहानाची मोठी झालेली.

"मलाबी तसंच वाटलं," ती हसून म्हणाली. "एवढं कराडासनं आणायचं आन् मोरीत थुकून टाकायचं!"

आम्ही तिघीही हसलो. माळ्यावर अंधार होता, खाली अण्णा गिऱ्हाइकाशी बोलत होते, आणि आम्ही तोंडावर पदर धरून हसत होतो. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

पंपानं मात्र जादू केली. गिरजा विहिरीवरून दोन-दोन घागरी आणायला लागली. अंगावर तकाकी आली. उन्हाळा सरता सरता तिला विट्याकडचं स्थळ सांगून आलं. मुलाचं कापडाचं दुकान होतं, माणसं चांगली होती. गिरजाला मुलगा आवडला होता, हे तिनं मला सांगितलं नाही, पण तो चहाची बशी कशी धरतो याची नक्कल ती रोज करून दाखवायची, त्यावरून मला कळलंच. मुलाच्या आईनं बैठकीत विचारलं होतं, "पोरीला दमा हाय म्हनं?" आणि अण्णांनी मान ताठ करून सांगितलं होतं, "हुता. माझ्या औषधानं गेला. चार वर्सं बघतोय, धाप न्हाई." त्यांना खरंच तसं वाटत होतं. लग्न दिवाळीनंतर धरायचं ठरलं.

आणि भाद्रपदात तिचं तोंड असं पांढरं झालं.

आत्याबाई मठातून आल्यावर मी न राहवून त्यांना दाखवलं. त्यांनी जीभ बघितली आणि चक्रावल्या. "हे तर तान्ह्या लेकराच्या तोंडात येतं. अंगावर पिणाऱ्या. एवढ्या थोरल्या पोरीच्या तोंडात कशानं आलं?" मग टाकणखार फुलवून मधात कालवला आणि बोटानं तिच्या तोंडात फिरवला. त्यावर अर्थातच पाणी नाही. जाईचा पाला चावायला दिला. सकाळ-संध्याकाळ माळ्यावर पंप चालूच होता, त्यामुळं एक दिवस बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. गिरजा मऊ भातावर आणि दुधावर आली. आवाज घोगरा झाला. बस्ता बांधायला विट्याची माणसं येणार होती, आणि तिच्या ब्लाउजची मापं दर आठवड्याला ढिली पडत होती.

"परत डॉक्टरकडं जाऊया," हे म्हणाले.

"नगं दादा. पंपानं छाती नीट झाली आन् तोंडाचं असं झालं. आता तोंडाला कायतरी देतील, त्यानं अजून दुसरं कायतरी हुईल," गिरजा म्हणाली. तिला भीती डॉक्टरांची नव्हती. दोनदा साड्या आणायला कराडला गेलं तर अण्णा विचारणार, ही भीती होती.

शेवटी आत्याबाईंचा धीर सुटला. कोजागरी तोंडावर आलेली. अंगणात चुलवण सारवून ठेवलं होतं. दुपारी अण्णा सोप्यावर बसून औषधाची पुडकी बांधत होते, तेव्हा आत्याबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि रडायलाच लागल्या.

"पोरीचं तोंड पार भाजलंय. पंपानं भाजलंय."

"कसला पंप?" अण्णांनी विचारलं.

मग सगळं बाहेर पडलं. हे दुकानातून आले, मी दाराआड उभी राहिले, गिरजा खांबाला धरून उभी. अण्णा ओरडले असते, तर बरं झालं असतं. हातातलं पुडकं त्यांनी बांधून पुरं केलं, दोरा दातानं तोडला आणि बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे मी गावाला लेकीचं सांगत हुतो, आन् लेक माळ्यावर..."

त्यांनी माळ्याच्या जिन्याकडं बघितलं.

"अण्णा, तसं न्हाई," हे म्हणाले. "तिला श्वासच मिळत नव्हता. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून..."

"मला वाईट वाटंल म्हणून विख घेतलं व्हय तिनं? आ कर, गिरजा."

तिनं तोंड उघडलं. अण्णांनी डोळे बारीक करून आतमध्ये बघितलं. इतक्या लोकांच्या तोंडात डोकावलेला तो माणूस, पण त्यांची मानच हलायला लागली. "असली आग ओततात व्हय पोटात! विट्याची माणसं यायच्यात दिवाळीत."

"डॉक्टरांना दाखवू आपण. तुमीबी चला," हे म्हणाले.

"दादा, ऱ्हाऊ दे."

गिरजा खांब सोडून आत गेली. तांदळाचा डबा वाजलेला आम्ही सगळ्यांनी ऐकला. ती पंप घेऊन आली आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवून खाली बसली.

"मी तुमचंच औषध घेते, अण्णा. हे नगं मला."

अण्णांनी पंप उचलला. उलटा-सुलटा केला. हुंगून बघितला, सवयीनं. आणि दुकानातल्या खणात टाकून खण लावून घेतला.

रात्रीची भांडी घासताना मी तिला म्हणाले, "गिरजे, धाप लागली तर काय करशील?"

"लागली तर बघू की. एवढ्या वर्सांनी कमी झालीया आता." मग हातातलं पातेलं तसंच धरून म्हणाली, "अण्णांकडं बघवत नव्हतं गं. कोजागरीला माणसं येतील आन् ते तिथं कुठल्या तोंडानं बसतील? मी लेक हाय त्यांची."

कोजागरीला गिरजानं सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या देखत खिरीची वाटी घेतली. अण्णांनी स्वतः ती तिच्या हातात दिली. एवढ्या गर्दीत ते फक्त तिच्याकडं बघत होते.

आणि पुढं जे झालं त्यानं आमचे सगळ्यांचेच हात बांधले गेले. तिचं तोंड बरं झालं. आठ-पंधरा दिवसांत पांढरं कमी होत होत पार नाहीसं झालं. पंप बंद, टाकणखार चालू, जाईचा पाला चालू. त्यातल्या कशानं गुण आला हे कोण तपासणार? नरक चतुर्दशीला अभ्यंग झाल्यावर गिरजानं माझ्यासमोर येऊन जीभ बाहेर काढली. "बघ वैनी, कशी हाय गुलाबाच्या पाकळीगत!" आणि फराळाचं ताट बाजूला सारून तिनं माझ्याकडून ठेचा करून घेतला. दोन भाकरी खाल्ल्या. अण्णा दारात उभे राहून बघत होते. "उतरलं विख," ते म्हणाले, आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं. विट्याची माणसं आली, बस्ता झाला, जाताना मुलाची आई गिरजाच्या गालावरून हात फिरवून गेली. आमच्या घरात इतकी आनंदाची दिवाळी ना त्याआधी झाली, ना त्यानंतर.

श्वासाचं मात्र मला खटकत होतं. माळ्याचा जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबायची आणि पदर सारखा केल्यासारखं करायची. शेजारी झोपल्यावर तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजायची. मी ह्यांना बोलले. ह्यांनी अण्णांना विचारून बघितलं. अण्णांनी चाटणाची मात्रा वाढवली. गिरजाला विचारलं तर ती म्हणायची, "लगीन हाय माझं, धावपळ हाय, दम लागणारच की!" आणि त्यावर चहाच्या बशीची नक्कल.

लग्नाचा मसाला कांडायचा दिवस ठरला. आमच्याकडं तो एक सोहळाच असतो. गल्लीतल्या बाया जमतात, उखळाला हळद-कुंकू लावतात, मुसळाला पानसुपारी बांधतात आणि नवऱ्या मुलीच्या नावानं गाणी म्हणतात. अंगणात चार उखळं मांडली होती. एका चुलवणावर मी मिरच्या भाजत होते. ठसका असा की रस्त्यानं जाणारा माणूस खोकायचा. गिरजाला आम्ही पुढं दुकानात बसवलं होतं, तिकडं येऊ नकोस म्हणून बजावलं होतं. पण गाणी तिच्याच नावाची. विट्याच्या कापडवाल्याचं नाव घालून बाया चेष्टा करत होत्या, आणि ती दुकानात बसून सगळं ऐकत होती. तिला राहवलं नाही. चहाची किटली घेऊन ती हसत मागच्या दारात आली.

"कोण गं ते माझ्या नवऱ्याचं नाव घेतंय?" एवढं म्हणाली आणि खोकला सुरू झाला.

पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग तिच्या हातातली किटली पडली.

मी तिला धरून सोप्यावर आणलं. तिचे खांदे वर चढले होते, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, श्वास आत जात होता आणि बाहेर यायचा विसरत होता. अण्णा धावत आले. त्यांनी खण उघडला तेव्हा पंप त्यांच्या हाताशी लागला असणार. ते क्षणभर थांबले, हे मी बघितलं. मग त्यांनी चाटणाची बाटली घेतली. मी ओरडले, "अण्णा, पंप!" त्यांनी तोही दिला, पण गिरजाला आता तो ओढता येईना. ओठ निळे पडायला लागले. ह्यांनी कुणाची तरी जीप आणली.

जीपमध्ये तिचं डोकं आत्याबाईंच्या मांडीवर होतं. पाय माझ्या मांडीवर. अण्णा पुढं बसले होते आणि मागं वळून वळून बघत होते. आत्याबाईंनी बोटानं तिच्या जिभेला चाटण लावलं. उसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला, जीप धड पळत नव्हती. गिरजाचं तोंड कोरडं पडलं होतं. तिनं हात उचलून माझ्या पायाशी असलेल्या तांब्याकडं खूण केली. ओठ हलले. "पाणी."

"आता नगं गं बाय," आत्याबाई म्हणाल्या. "औषध दिलंय आत्ताच. जरा दम धर."

ते त्या ओरडून म्हणाल्या नाहीत, रागानं म्हणाल्या नाहीत. तिच्या केसांवरून हात फिरवत, लहानपणापासून सांगत आल्या तसंच म्हणाल्या. गिरजानं हात खाली घेतला. तिनं आईचं ऐकलं.

कराड आलं तेव्हा गिरजा गेली होती.

डॉक्टर तेच होते. त्यांनी तिला ओळखलं. तपासलं, छातीवर नळी लावून बराच वेळ थांबले, मग चादर वर ओढली आणि आमच्याकडं वळले.

"रोजचा पंप घेत होती का?"

"दोन महिनं झालं, बंद केला," हे म्हणाले.

"बंद? का?" डॉक्टरांचा आवाज चढला. "छान बरी होती ना ती?"

"तोंड आलं हुतं तिचं. पांढरं. औषधानं भाजलं म्हणून..."

डॉक्टर खुर्चीवर बसले.

"भाजलं नव्हतं हो ते. बुरशी होती. लहान बाळांच्या तोंडात येते तीच. साखरेचा आजार असलेल्याला येते, फार दिवस कडक औषधं घेणाऱ्याला येते, कवळी रात्रंदिवस तोंडात ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांना येते. पंपाचं औषध थोडं तोंडात चिकटून राहतं, तिथं तिला बरं फावतं. म्हणून तर मी चूळ भरायला सांगतो. आणि आलीच तर थेंब देतो तोंडात सोडायला, काही दिवसांत जाते. त्यासाठी श्वासाचं औषध कुणी बंद करतं का? ह्या पंपानंच तर तिची छाती धरून ठेवली होती."

अण्णा भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या कपाळाचं भस्म घामानं उतरून भुवयांवर आलं होतं.

"चूळ?" आत्याबाईंनी विचारलं.

"चूळ, आजी. साध्या पाण्याची."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

घरी आणलं तेव्हा अंगणात मसाला तसाच पडला होता. उखळांना हळद-कुंकू होतं. बायांनी ती भराभर उचलून आत नेली आणि त्याच जागेवर आमच्या लिंगायतांच्या रीतीनं गिरजाला बसवलं. जंगमांनी तीर्थ दिलं, एकेकानं तिच्या मुखात पाणी घातलं. आत्याबाईंची पाळी आली. त्यांनी पळी उचलली, आणि मग तांब्याच उचलला. तिच्या ओठांना लावून त्या पाणी ओतत राहिल्या. पाणी हनुवटीवरून, गळ्यावरून, नव्या साडीवरून वाहत होतं. "पी," त्या म्हणत होत्या, "पी गं माझी बाय, पी." शेवटी ह्यांनी त्यांचे हात धरले.

पुढच्या कोजागरीला माणसं आली. खीर नाही हे कुणाला माहीत नव्हतं, आपापला पेला घेऊन अंगणात बसली. अण्णांनी चूल पेटवलीच नव्हती. ते दारात पाण्याची घागर घेऊन बसले होते. येईल त्याला सांगत होते, "खीर न्हाई. डॉक्टरकडं जावा. पंप दिला तर घ्या, सोडू नगा. आन् घेतल्यावर चूळ भरा." दूरवरून आलेले लोक चिडले. काही म्हणाले, लेक गेली तसं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. अण्णा हात जोडत होते आणि तेच तेच सांगत होते. नंतरही दरवर्षी ते त्या दिवशी तिथं बसायचे, अगदी कुणी यायचं बंद झालं तरी. ते गेले तेव्हा त्यांच्या दुकानाच्या खणात तो पंप होता. मी तो ठेवून दिला आहे.

आत्याबाई अजून आहेत. डोळ्यांनी दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. माझ्या धाकट्या लेकीला, सईला, गिरजाआत्याचीच छाती मिळाली आहे. तीही पंप घेते. आता त्यात लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही, ती माजघरात उभी राहून घेते आणि कॉलेजला पळते. फुस्स आवाज झाला की आतल्या खोलीतून हाक येते, "चूळ भरलीस का गं?"

"भरते आज्जी."

"भरते न्हाई. भर."

सई मोरीत जाऊन खळखळून चूळ भरते. पाणी पडल्याचा आवाज कानावर आला की मगच आत्याबाई उशीला डोकं टेकतात.

अलीकडं त्यांचं मन थाऱ्यावर नसतं. सई कॉलेजला गेलेली असते, घरात मी एकटीच असते, दुपारी मी जरा आडवी होते आणि आतून आवाज येतो.

"गिरजा, चूळ भरलीस का?"

पहिल्यांदा मी त्यांना समजावायला गेले. "आत्याबाई, मी हाय, वैनी हाय गिरजाची." त्या ऐकेनात. "चूळ भरली का ते सांग," एवढंच धरून बसल्या. उठून बसायला लागल्या.

आता मी काही समजावत नाही. मी उठते, मोरीत जाते, तांब्यातलं पाणी तोंडात घेते, खळखळ करते, त्यांना ऐकू जाईल अशी. पाणी फरशीवर पडतं.

"भरली, आई," मी मोरीतून सांगते.

मग त्या कुशीवर वळतात आणि झोपतात.